खाऊची डॉक्टर

माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा अंगठा वाकत नाही. तो एका कुत्र्यानं निकामी केला असं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साखळी तोडून आलेला एखादा राक्षस उभा राहतो. प्रत्यक्षात ते उशीएवढं पांढरं कुत्रं होतं. वय चौदा, तोंडात सगळे मिळून सात दात. ताईनं केलेली त्याची शस्त्रक्रिया संपली होती, भूल उतरत होती आणि ताई त्याच्या गालाखालची चादर सरळ करत होती. अर्धवट शुद्धीत त्याच्या तोंडाला जे लागलं ते त्यानं धरलं. सातातले दोन दात नेमके अंगठ्याच्या मुळाशी रुतले. जखम चिघळली, हातावर दोन ऑपरेशनं झाली, आणि अंगठा जो ताठ झाला तो कायमचा.

ताई तेव्हा एकतीस वर्षांची होती. प्राण्यांच्या दवाखान्यात तिच्या हाताचं नाव होतं. दवाखान्याचे मालक, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हिनं घातलेल्या टाक्यांवरून मुंगीसुद्धा न अडखळता जाईल." आता त्या हातात सुई धरवत नव्हती. मोठे डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, त्यामुळे त्यांनी तिला काढलं नाही. दाराशी वजनाचा काटा होता तो आणि लसींची वही तिच्याकडे दिली.

"तोवर वजनं घे," ते म्हणाले. "अंगठा सुधारला की बघू."

अंगठा सुधारणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. दोघंही डॉक्टर होते.

घरी आईनं जुनं दुखणं उकरून काढलं. "मी तेव्हाच म्हटलं होतं, माणसांची डॉक्टर हो. माणसं चावत तरी नाहीत."

"तू हे म्हणावंस?" बाबा पेपराआडून म्हणाले. त्यानंतर दोन दिवस त्यांना चहा मिळाला नाही.

मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो, पुढे तोच छापखाना चालवायला घेतला. मला कुत्र्यांचं प्रेम नाही आणि रागही नाही. ताईचंही तसंच होतं, हे लोकांना खरं वाटत नाही. तिनं कधी कुत्रं पाळलं नाही. कुत्र्यांना बघून ती बोबडं बोलत नसे. एखाद्या गवंड्याला भिंतीबद्दल जे वाटतं तेच तिला कुत्र्यांबद्दल वाटायचं, असं मला वाटतं.

तर ताई वजनं घेऊ लागली. पोलादी पत्रा, त्यावर रबराची चटई, आणि त्यावर चढायला तयार नसलेलं कुत्रं. पाहुणे आल्यावर गाणं म्हण म्हटलेल्या मुलाचा चेहरा होतो तसा प्रत्येकाचा चेहरा व्हायचा. आठ महिन्यांत तिनं साडेतीनशे कुत्र्यांची वजनं वहीत मांडली. एका संध्याकाळी ती छापखान्यात आली, माझ्या टेबलावरचे कागद बाजूला सारून वही उघडून म्हणाली, "अर्ध्याहून जास्त कुत्री जाड आहेत. आणि ते कुणाला दिसत नाही. जाड कुत्रं बघून लोक म्हणतात, तब्येत छान आहे."

"मग?"

"मग काय? गुडघे दुखतात म्हणून येतात, धाप लागते म्हणून येतात. आम्ही गोळी देतो. काय खातो ते कुणी विचारत नाही."

ती विचारू लागली. काट्याशेजारी एक स्टूल ओढून तिनं तिथेच आपलं दुकान मांडलं.

"काय खातो?"

"आम्ही खातो तेच."

"किती?"

"पोटभर."

"कुणाचं पोट भरेपर्यंत?"

रांग लांबू लागली. मोठे डॉक्टर वैतागले. "बाई, आपण रोग बरे करायचे. जेवणाखाण्याचं घरचे बघतील."

"घरचेच बघतात, म्हणून तर ते इथे येतंय," ताई म्हणाली.

पुढची दोन वर्षं तिनं पत्रद्वारे प्राण्यांच्या आहाराचा अभ्यास केला. दिवसा काटा, संध्याकाळी पुस्तकं. डाव्या हातानं लिहायला शिकली होती, पण अक्षर कोंबडीच्या पायासारखं यायचं. म्हणून उत्तरपत्रिका ती सांगायची आणि मी लिहायचो. त्यामुळे कुत्र्याच्या स्वादुपिंडाबद्दल मला गरजेपेक्षा बरंच जास्त माहीत आहे. परीक्षा पास झाल्यावर तिला आतली एक खोली मिळाली. शस्त्रक्रियेच्या विभागात तिच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरानं तिचं नाव ठेवलं "खाऊची डॉक्टर." त्यानं थट्टेनं ठेवलं होतं. चार महिन्यांत लोक दारात येऊन विचारायला लागले, "खाऊची डॉक्टर कुठे बसते?" ताईनं मग तीच पाटी माझ्याकडून छापून घेतली.

खाऊ हा शब्द तिला चिकटला तो खरं म्हणजे ढब्बूमुळे.

ढब्बू हे एका दुमजली घरातलं आखूड पायांचं तपकिरी कुत्रं. वर थोरले भाऊ राहायचे, खाली धाकटे. दोघंही सत्तरीच्या पुढचे, दोघंही विधुर. एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं होतं ते थोरल्यांना आठवत होतं आणि धाकट्यांनाही आठवत होतं, पण दोघांच्या आठवणीतलं भांडण वेगळं होतं. कुत्रं दोघांचं. ते जिना चढायचं-उतरायचं. ताईनं आहार ठरवून दिला, तीन महिने झाले, वजन तसूभर हललं नाही. दोघंही शपथेवर सांगत होते की ठरल्याप्रमाणेच देतो.

शेवटी ताई एक दिवस सकाळी त्यांच्या घरी गेली आणि जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसली. ढब्बू खाली जेवला. मग वर जाऊन उपाशी असल्यासारखा चेहरा करून पुन्हा जेवला. धाकट्यांनी चीजचा तुकडा दिला. थोरल्यांनी ब्रेडची कड दिली. खाली आल्यावर धाकटे म्हणाले, "वर याला कुणी विचारत नाही," आणि अर्धं अंडं दिलं. पुढच्या खेपेला थोरले म्हणाले, "खाली नुसता हाडहूड करतात बिचाऱ्याला." दुपारपर्यंत ढब्बूनं बावीस वेळा खाल्लं होतं. ठरल्याप्रमाणे देत होते हे दोघांचंही खरं होतं. दोघंही पूर्ण आहार देत होते.

ताईनं दोघांना उपदेश केला नाही. खाऊ बंद करा असंही म्हणाली नाही. तिनं जिन्याच्या वळणावर एक डबा ठेवला. सकाळी त्यात मोजून खाऊ भरायचा, दिवसभर ज्याला द्यायचा त्यानं त्यातूनच द्यायचा, डबा संपला की संपला. आता खाऊ असा हवा की वीस वेळा दिला तरी पोटात फारसं जाऊ नये. बाजारात मिळायची ती बिस्किटं माणसाच्या अंगठ्याएवढी. म्हणून ताईनं वाटाण्याएवढी गोळी करायचं ठरवलं. ओट, उकडलेला भोपळा, थोडं चिकन, वासापुरतं पीनट बटर.

भट्टी आमच्याच स्वयंपाकघरात लागली. आईनं पहिल्या दिवशी आकांडतांडव केलं. "माझ्या ओव्हनमध्ये कुत्र्याचं अन्न? आता एवढंच बघायचं राहिलं होतं." तिसऱ्या दिवशी तिनं एक गोळी तोंडात टाकली, चघळली आणि म्हणाली, "मीठ नाही घातलंस."

"मुद्दामच नाही घातलं. कुत्र्यांना नको असतं."

"मग निदान जरा खरपूस तरी भाज. कुत्रं झालं तरी त्याला तोंड आहे."

आईचं बरोबर निघालं. खरपूस भाजलेल्या गोळ्या कुत्र्यांनी आधी उचलल्या.

त्या दुमजली घरात भाऊ डब्यात चिठ्ठ्या टाकू लागले. "मी तीन दिले. डब्यात सहा कमी आहेत." त्याखाली दुसऱ्याचं अक्षर, "मोजता येत नसेल तर चष्मा बदलावा." ते अखेरपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. पण चिठ्ठ्यांचं भांडण रोज चालायचं, आणि ढब्बूचं वजन वर्षात चार किलोनं उतरलं.

मग हा खाऊ मागायला लोक येऊ लागले. ताईनं दवाखान्याच्या मागची खोली घेतली, मोठा ओव्हन बसवला, दोन बायका कामाला ठेवल्या. पुड्यावरचा कागद मी छापायचो. तिचा एकच नियम होता. कुत्र्याचं वजन केल्याशिवाय पुडा नाही. दुकानांनी विक्रीला मागितला, तिनं दिला नाही. प्रत्येक पुडा वहीत कुठल्या ना कुठल्या कुत्र्यासमोर लिहिलेला असायचा. लोक म्हणायचे, हिचा खाऊ म्हणजे रेशनचं धान्य. पण यायचे. नऊ वर्षं हे असं नीट चाललं. दुसऱ्या गावांहून डॉक्टर शिकायला यायचे, आणि तो तरुण सर्जन, जो आता तितकासा तरुण राहिला नव्हता, आपल्या पेशंटांना स्वतःहून तिच्या खोलीत पाठवायचा.

दहाव्या वर्षी तिनं म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी मऊ खाऊ काढला. ज्यांचे दात गेलेत त्यांना भाजलेली गोळी चावत नाही, म्हणून हा प्रकार न भाजता केलेला. त्यात पीनट बटर बरंच जास्त पडायचं. लोकांना तो फार आवडला, म्हणजे त्यांच्या कुत्र्यांना.

एका सकाळी बस चालवणारी एक बाई आपल्या कॉफी नावाच्या कुत्रीला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आली. बाईच्या अंगावर कामावरचा गणवेश होता. कुत्रीचे पाय थरथरत होते, मान एका बाजूला कलली होती, आणि टेबलावर ठेवताच तिला झटका आला. सर्जननं रक्तातली साखर तपासली. यंत्रानं आकडाच दाखवला नाही, इतकी कमी. त्यानं शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. ताई दारात उभी होती. तिनं सवयीनं विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

"काहीच नाही हो डॉक्टर. सकाळी जेवली नाही म्हणून तुमचा मऊ खाऊ दिला. तेवढाच."

"किती?"

"अर्धा पुडा असेल. तुमचाच म्हटल्यावर मोजला नाही."

ताई वळली. मागच्या खोलीत गेली आणि पीनट बटरचा डबा खाली उतरवला. तोच डबा, तेच झाकण, तेच चित्र. बाजूला बारीक अक्षरांत एक नवी ओळ होती, "साखरविरहित." घटकांच्या यादीत चौथं नाव झायलिटॉल. साखरेऐवजी घालतात ते. माणसाला त्यानं काही होत नाही. कुत्र्याला ते विष आहे. एका घासानं रक्तातली साखर ढासळते, जास्त गेलं तर यकृत जातं.

दुपारी अडीचला ती डबा काखेत मारून छापखान्यात आली. "हे वाच," म्हणाली. बारीक अक्षरं वाचणं हा माझा धंदा. तरी पहिल्यांदा वाचताना ते नाव माझ्या नजरेतून सुटलं.

तिनं काय झालं ते सांगितलं. मी म्हटलं, "मग चूक त्यांची आहे. न सांगता माल बदलला."

"त्यांनी छापलंय. मी वाचलं नाही. दर डबा वाचायचा असं मीच त्या बायकांना शिकवलंय आणि हा डबा मी स्वतः उघडला होता."

"मुद्दाम केलंस का?"

"कुत्रीला काय फरक पडतो?" ती म्हणाली. "कागद घे. छापायचंय."

मी मजकूर लिहिला. "काही पुड्यांमध्ये दोष आढळल्यामुळे ग्राहकांनी कृपया." तिनं तिथेच थांबवलं.

"विष आहे असं लिही."

"विष म्हटलं की लोक घाबरतील."

"घाबरायलाच हवेत. आणि खाली माझं नाव घाल, ठळक."

ठळक घातलं. त्या डब्यातून एकशे अठरा पुडे झाले होते. वही होती म्हणून कुठला पुडा कुठल्या घरी गेला ते कळत होतं. दवाखान्यातल्या लोकांनी फोन सुरू केले. जिथे फोन लागला नाही तिथे मी स्कूटर चालवायची आणि ताईनं मागे बसून पत्ते सांगायचे. दोन दिवसांत चार सोडून सगळे पुडे हाती आले. ते चारही पुढे आले. पाच कुत्री आजारी पडली होती. कॉफीसकट चार वाचली.

पाचवं एका शिंप्याचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच्या घरी पोचलो. दुसऱ्या मजल्यावर एकच मोठी खोली. खिडकीशी मशीन, खुंटीवर बाह्या न लावलेले दोन कोट. मशीनखाली एक घोंगडी घडी करून ठेवलेली. शिंपी साठीचा, एकटा. गळ्यात टेप तसाच.

"या डॉक्टर," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं? गेला तो. काल सकाळी. थोडी उलटी झाली, जरा लडखडला, आणि पडला. तेरा वर्षांचा होता. वयानं गेला. फार हाल झाले नाहीत, सोन्यासारखं मरण आलं."

त्यानं आम्हाला पाणी दिलं. खिडकीच्या कट्ट्यावर आमचा पुडा होता, पाऊणएक रिकामा. मी ताईकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, तिनं तो पुडा उचलावा आणि आम्ही निघावं. तेरा वर्षांचं कुत्रं. कुणाला कळणार होतं?

ताई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि तिनं सांगितलं. चार-पाच वाक्यांत. काय झालं, कशामुळे झालं, चूक कुणाची. आवाज चढवला नाही, पाडलाही नाही.

शिंप्यानं ऐकून घेतलं. बोटाला टेप गुंडाळत होता, तो सोडवला. मग म्हणाला, "म्हणजे मी दिलं."

"मी दिलं," ताई म्हणाली.

"बनवलंत तुम्ही. हात माझा होता." त्यानं टेप मशीनवर ठेवला. "हे सांगायला आलात तुम्ही?"

"हो."

"कशाला पण?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वयानं गेला असं मी सगळ्यांना सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं. बरं वाटत होतं हो. आता तुमचं ओझं उतरलं असेल. माझं काय?"

"तुमचं कुत्रं होतं," ताई म्हणाली. "तुम्हाला माहीत असायला हवं."

"का असायला हवं?"

ताई स्टुलावरून उठली. शिंप्यानं पुडा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "जाताना दार ओढून घ्या."

जिन्यात मी म्हटलं, "नसतं सांगितलंस तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

"छापलेल्या पुस्तकात चूक सापडली तर तू काय करतोस?"

"शुद्धिपत्र लावतो. पण शुद्धिपत्र वाचून कुणी रडत बसत नाही, ताई."

खाली आल्यावर तिनं पुढचा पत्ता सांगितला. या बाबतीत आमचं आजवर एकमत झालेलं नाही. ती बरोबर असेल. पण त्या माणसाची खोली आम्ही आलो तशी ठेवून गेलो नाही, हेही तितकंच खरं.

डॉक्टरांच्या परिषदेनं चौकशी लावली. तीन पुरुष आणि एक बाई, लांबट टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास. डबा पुरवणाऱ्यांचं पत्र वाचून दाखवलं गेलं, की घटक छापलेले होते. ते खरंच होतं. अध्यक्षांनी ताईला विचारलं, "ही चूक टाळता आली असती असं तुम्हाला वाटतं का?"

"हो. डबा वाचायला अर्धं मिनिट लागतं."

तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

मोठे डॉक्टर तोवर फार थकले होते. काठी टेकत आले आणि न विचारता उभे राहून म्हणाले, "बाईंनी स्वतः सांगितलं नसतं तर आज आपण कुणीच इथे बसलो नसतो." अध्यक्षांनी नोंद घेतली आणि आठ महिने ताईची परवानगी स्थगित केली. मला ते जास्त वाटलं, आईला फारच जास्त. ताईला कमी वाटलं असावं.

त्या आठ महिन्यांत तिनं ओव्हन विकला, बायकांना दुसरीकडे कामं लावून दिली. दुकानात गेली की ती फळीपुढे उभी राहून डबे वाचायची. माणसांचे, कुत्र्यांचे, कपडे धुण्याच्या पावडरीचेसुद्धा. एकदा दुकानदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताईंना काही हवंय का, की तपासणीवर आल्यात?" घरी ती जेवायला बसायची आणि विसरायची. आई म्हणाली, "गावभरच्या कुत्र्यांना काय खायचं ते सांगितलंस, आणि स्वतः दोन दिवस चहावर आहेस." मग आईनं शेजारी बसून तिला जेवायला लावलं. ताई पंचेचाळिशीला आली होती, पण आईपुढे वयाचं काही चालत नाही.

परवानगी परत मिळाली तेव्हा दवाखान्यातली तिची खोली दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. जुने लोक भेटले की आपुलकीनं बोलायचे, पण कुत्रं घेऊन येत नव्हते. मग एक दिवस अग्निशमन दलाच्या शोधपथकाच्या प्रमुखांचा फोन आला. पडक्या इमारतींत माणसं हुंगून काढणारी चौदा कुत्री त्यांच्याकडे होती, आणि ती वाळत चालली होती.

"माझ्याबद्दल तुम्हाला माहीत आहे ना?" ताईनं विचारलं.

"माहीत आहे म्हणूनच बोलावतोय," प्रमुख म्हणाले. "दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मला तसाच माणूस हवाय."

इथे काम उलटं होतं. आयुष्यभर जाड कुत्र्यांना बारीक करण्यात गेलं, आता बारीक कुत्र्यांना उभं करायचं होतं. पथकाचा आचारी एकाच बादलीतून चौदा वाडगी भरायचा. ताईनं चौदा वेगळी मापं लावली. आचारी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, हे काय हॉटेल आहे? उद्या ही कुत्री मला मेनू विचारतील."

"विचारला तर मला सांगा," ताई म्हणाली.

तो सहा महिने धुसफुसला. पण कुत्र्यांच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या तेव्हा तोच पाहुण्यांना मापं दाखवू लागला, जणू त्यानंच ती शोधून काढली होती.

तिथे तिनं अकरा वर्षं काढली. एकदा एक गोदाम कोसळलं आणि पथक तीन दिवस ढिगाऱ्यावर होतं. ताई बाजूला खोका टाकून बसली होती. जे कुत्रं विश्रांतीला येईल त्याला कोमट, पातळ, थोडं थोडं खायला घालत होती, कारण दमलेल्या कुत्र्यानं एकदम पोटभर खाल्लं तर पोटाला पीळ पडतो. दोन माणसं जिवंत निघाली. वर्तमानपत्रात कुत्र्यांचा फोटो आला. कोपऱ्यात खोक्याची एक बाजू दिसते, ताई दिसत नाही.

त्या पथकात एक काळी कुत्री होती, ती ढिगाऱ्यावर कुठेही थांबून भुंकायची. खणलं तर खाली काही नसायचं. सगळे म्हणाले, नाक गेलं. ताईनं दोन दिवस नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "नाक शाबूत आहे. भुंकलं की खाऊ मिळतो हे हिला कळलंय. ही खाऊसाठी खोटं बोलते."

"मग काय करायचं? चांगला खाऊ देऊ?" प्रमुखांनी विचारलं.

"खाऊ बंद. चेंडू द्या, आणि तोही माणूस सापडला तरच."

महिन्याभरात कुत्री खरं बोलायला लागली. हे सांगताना प्रमुख हसायचे, की खाऊच्या डॉक्टरला बोलावलं आणि तिनं खाऊच बंद केला. ताईला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

निवृत्तीच्या आधी पथकानं तिला सगळं लिहून द्यायला सांगितलं. तिनं बेचाळीस पानं लिहिली, डाव्या हातानं, आता वाचता येईल अशा अक्षरात. छापायला माझ्याकडे आणली. मुद्रित काढून मी तिला दाखवलं. तिनं मजकुराला हात लावला नाही, पानाच्या कडेला बोट ठेवलं.

"समास मोठा ठेव."

"का? उगाच पानं वाढतील."

"वाढू देत. पुढचा कुणीतरी चुका काढेल, त्याला लिहायला जागा हवी."

मी दोन बोटं समास ठेवला. पानं पंचावन्न झाली. तिच्या जागी आलेला डॉक्टर मेहनती आहे. गेल्या वर्षी त्यानं समासात लिहिलेल्या एकोणीस दुरुस्त्यांसह दुसरी आवृत्ती छापायला आणली. ताईनं चष्मा लावून ती माझ्याच टेबलाशी बसून सबंध वाचली. त्यातल्या तीन दुरुस्त्या साफ चुकीच्या आहेत असं तिचं म्हणणं आहे, आणि त्यावर त्या दोघांचा सध्या पत्रव्यवहार चालू आहे.